बापाची पुंजी कीं मुलाचें कर्ज ?

आपल्या मध्यम वर्गांत कांहीं वाक्यें अशीं रूढ झालीं आहेत कीं, तीं उच्चारणारास शाबासकी हटकून मिळते, आणि तीं खरीं आहेत किंवा नाहींत ह्याची विचारपूस करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. "फंड मोडला, ठेवी मोडल्या, पण मुलाच्या डोक्यावर कर्जाचा एक पैसा ठेवला नाहीं," हें वाक्य त्यांपैकींच एक होय. सेवानिवृत्तीच्या समारंभांत किंवा लग्नाच्या बैठकींत तें ऐकूं आलें कीं, भोंवतालची मंडळी माना डोलवितात. आणि ज्या गृहस्थानें बँकेचें कर्ज काढून मुलीस शिकविलें, तो बिचारा त्याच बैठकींत ओशाळा होऊन बसतो. आमचें म्हणणें असें कीं, ह्या दोघांपैकीं कोणास ओशाळें होण्याचें कारण असेलच तर तें पहिल्यास आहे, दुसऱ्यास नाहीं. वाचकांस हें प्रथमदर्शनीं कडू वाटेल. तरी त्यांनीं तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, एवढीच विनंती.

एक-दोन पिढ्यांमागें हा वाद निघण्याचें कारणच नव्हतें. सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयाची फी कारकुनाच्या पगारांतूनहि भागत असे. अडचण असे ती राहण्या-जेवण्याची, आणि ती वार लावून, शिकवण्या करून, नादारी मिळवून निभावून नेली जाई. १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना महाराष्ट्रांत विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयें निघूं लागलीं, आणि शिक्षणाचा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या घरून वसूल करण्याची रीत पडली. १९८७ सालीं राज्यास कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला. २००२ सालीं टी. एम. ए. पै खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, नफेखोरी वर्ज्य करून, खासगी संस्थांचा फी ठरविण्याचा अधिकार मान्य केला. आणि २०१५ सालीं त्या फीवर देखरेख ठेवण्यासाठीं महाराष्ट्रास पुन्हां एक कायदा करावा लागला. सरकारी संस्थाहि मागें राहिल्या नाहींत. आय. आय. टी.ची वार्षिक शिकवणी-फी २०१६ सालीं ९० हजारांवरून एकदम २ लाखांवर गेली. आय. आय. एम.ची फी वर्षाला ३० हजारांवर आणण्याचा हुकूम केंद्र सरकारनें २००४ सालीं काढला होता. तो मागें पडला, आणि अहमदाबादच्या संस्थेची दोन वर्षांची फी आज पंचवीस लाखांच्या घरांत गेली आहे. फी इतकी असावी काय, हा मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर जरूर भांडावें. परंतु ज्या बापास पंधरा दिवसांत प्रवेशाचे पैसे भरावयाचे आहेत, त्यास तें भांडण आज उपयोगी पडत नाहीं. त्याच्यापुढें दोनच वाटा असतात: घरांत साठविलेलें मोडावें, किंवा बँकेच्या दारीं जावें.

वादास आरंभ करण्यापूर्वीं दोन गोष्टी बाजूस काढून ठेवूं. पहिली ही कीं, फुकट मिळणारें सोडून ना पुंजीस हात लावावा, ना कर्जास. आय. आय. टी.मध्यें ज्यांच्या घरचें उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आंत, त्यांस शिकवणी-फी पूर्ण माफ आहे, व १ ते ५ लाखांच्या दरम्यान असणारांस दोन-तृतीयांश माफ आहे. महाराष्ट्रांत राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची फी-सवलत ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नास मिळते. आणि २०२४ सालच्या निर्णयानें त्याच मर्यादेंतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी व परीक्षा फी पूर्णपणें माफ झाली. हे अर्ज भरण्याचा आळस करून जो फंडास हात घालतो, त्याच्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, जी रक्कम शिक्षणासाठीं म्हणूनच साठविली ती शिक्षणासच खर्चावी. २०१५ सालीं निघालेल्या सुकन्या समृद्धि योजनेंत मुलीच्या उच्च शिक्षणासाठीं खात्यांतील निम्मी रक्कम काढतां येते. ती काढावी, आणि आनंदानें काढावी. आमचें भांडण त्या पुंजीशीं नाहीं. आमचें भांडण आहे तें म्हातारपणासाठीं बाजूस ठेवलेल्या फंडाशीं, आईच्या पाटल्या-बांगड्यांशीं, राहत्या घराच्या कागदांशीं. हीं सर्व फीच्या खिडकीवर नेऊन ओतणें ह्यास जो त्याग म्हणतात, त्या समजुतीशीं.

आतां कर्ज म्हणजे काय वस्तु आहे तें पाहूं, कारण पुष्कळांची तिजविषयींची कल्पना सावकाराच्या चोपडीवरून बनलेली असते. शिक्षणासाठीं कर्ज ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १९६३ सालीं केंद्र सरकारनें बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. बँकांचें आजचें शैक्षणिक कर्ज २००१ सालच्या आदर्श योजनेनें रुळावर आलें. तिचे ठोकळ नियम असे कीं, लहान रकमेस तारण लागत नाहीं. शिक्षण चालू असेपर्यंत व त्यापुढें एक वर्ष हप्ता नसतो. त्या काळांत व्याज चढतें तें सरळ, चक्रवाढ नव्हे. आणि परतफेडीस पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळूं शकते. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेनें निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण व जामीन ह्यांवांचून कर्ज देण्याचें ठरविलें, आणि ८ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या घरांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या व सवलतीच्या काळांत तीन टक्के व्याजाची सूट देऊं केली. एक गोष्ट मात्र लपवितां कामा नये. सामान्यतः बँक आई किंवा बाप ह्यांची सही सहकर्जदार म्हणून घेते. मुलानें हप्ते बुडविले तर दार ठोठावलें जाणार तें बापाचेंच. परंतु भार पहिल्यानें ज्याच्या खांद्यावर पडावयाचा तो मुलगा असतो, आणि बाप त्याच्या पाठीमागें उभा असतो. पुंजी मोडली म्हणजे बाप एकटाच पुढें असतो, व त्याच्या पाठीमागें कोणीच नसतें.

प्रतिपक्षाचें पहिलें आणि सर्वांत सबळ म्हणणें गणिताचें आहे. बँक दहा टक्क्यांच्या आसपास व्याज घेते. भविष्यनिर्वाह निधीवर २०२४-२५ सालीं सव्वाआठ टक्के मिळाले. आठाची ठेव राखून दहाचें कर्ज काढणारा शहाणा कीं वेडा ? असा त्यांचा सवाल. हिशेब आम्ही टाळीत नाहीं. चार वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षाला २ लाख फी, व्याज दहा टक्के, आणि प्रत्येक वर्षाच्या आरंभीं २ लाख उचलले असें धरूं. चार वर्षें शिक्षणाचीं व एक सवलतीचें मिळून २ लाख ८० हजार व्याज चढतें, आणि हप्ते सुरू होतांना देणें १० लाख ८० हजारांचें होतें. दहा वर्षांच्या मुदतीनें महिन्याचा हप्ता सुमारें १४,२७० रुपये पडतो, व एकंदर भरणा १७ लाख १३ हजारांच्या आसपास होतो. मुदत पंधरा वर्षें केली तर हप्ता ११,६०० वर उतरतो, पण एकंदर भरणा २० लाख ८९ हजारांवर जातो. कर्ज स्वस्त आहे असें आम्ही म्हटलें नाहीं, आणि म्हणणारहि नाहीं. आतां दुसरी बाजू घ्या. तेच ८ लाख बापानें आपल्या पन्नासाव्या वर्षीं फंडांतून काढले नसते, तर आठ टक्क्यांनीं साठाव्या वर्षीं त्यांचे १७ लाख २७ हजार झाले असते. म्हणजे ठेव मोडल्यानें खर्च नाहींसा झाला नाहीं. तो मुलाच्या खात्यावरून उठून बापाच्या म्हातारपणावर जाऊन बसला, आणि कोणत्याच वहींत तो लिहिला गेला नाहीं म्हणून दिसत नाहीं, इतकेंच. दरांतील दोन टक्क्यांचा फायदा आम्हांस मान्य आहे. परंतु तो पदरांत पडावयाचा केव्हां? मुलानें नोकरी लागतांच बापाच्या हातीं दरमहा चौदा हजार मोजून ठेवले तर !

आणि खरी गोम येथेंच आहे. हा हप्ता बापानें मागावा कसा, व मुलानें द्यावा कसा ? बँकेचा हप्ता तटला तर बँक नोटीस धाडते. बापाचा तटला तर बाप कोणास नोटीस धाडणार? आमच्या घरांतून बाप-लेकांत पैशाचा कागद होत नाहीं. तसा कागद करणें हेंच अभद्र मानतात. तेव्हां ही रक्कम देणगी म्हणून दिली असें उभयतां तोंडानें म्हणतात, आणि मनांत मात्र तिचा जमाखर्च जन्मभर चालू राहतो. पैशानें फेडावयाचें तें देणें मग दुसऱ्या नाण्यांत फेडलें जातें. शाखा कोणती घ्यावी, नोकरी कोणत्या शहरांत करावी, लग्न कोणाशीं करावें, बदली स्वीकारावी कीं नाहीं, ह्या प्रत्येक वळणावर "तुझ्यासाठीं आम्ही सगळें मोडलें" हें वाक्य, उच्चारलेलें अथवा न उच्चारलेलें, घरांत उभें असतें. बँक हप्ता मागते. सून कशी असावी हें ती सांगत नाहीं. बँकेचें देणें फिटलें म्हणजे ती बेबाकी दाखला देते, आणि कर्जदार मोकळा होतो. बापाच्या देण्याचा बेबाकी दाखला कोणत्या घरांत कोणास मिळाला आहे, हें वाचकांनींच आठवून पाहावें. प्रेमाचा व्यवहार निर्मळ राहावा असें ज्यास वाटत असेल, त्यानें त्यांत फीचे आठ लाख मिसळूं नयेत.

दुसरें म्हणणें रूढीचें: "आमच्या वडिलांनीं असेंच केलें, आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं." बिघडलें नाहीं हें खरें, पण कां बिघडलें नाहीं? त्यांतील पुष्कळांच्या पाठीमागें पेन्शन होतें. मास्तर, कारकून, टपाल-रेल्वेंतले नोकर ह्यांनीं फंड मोडला तरी पहिल्या तारखेस कांहींतरी हातीं येई, आणि त्यांच्या मागें विधवेसहि कुटुंब-निवृत्तिवेतन मिळे. केंद्र सरकारच्या नोकरींत १ जानेवारी २००४ पासून, व महाराष्ट्र सरकारच्या नोकरींत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांस तें जुनें पेन्शन मिळेनासें झालें. पुढें त्यांत कांहीं सुधारणा झाल्या, पण खासगी नोकरींतल्या बहुसंख्य लोकांस तें कधींच नव्हतें. त्यांच्यासाठीं १९९५ सालीं जी निवृत्तिवेतन योजना झाली, तिच्यांत २०१४ सालीं किमान रक्कम ठरली ती महिन्याला १ हजार रुपये ! आजोबांची रीत उचलावयाची आणि आजोबांचें पेन्शन मात्र नाहीं, अशी ही स्थिति आहे. शिवाय तो फंड एकट्या बापाचा असतो हीहि चूक समजूत आहे. नवऱ्याहून वयानें लहान असलेली आणि बहुधा त्याच्या मागें दहा-वीस वर्षें राहणारी जी बाई, तिचें अन्न त्यांत असतें. फंड मोडण्याच्या फॉर्मावर तिचें मत विचारलें जातें काय ? दागिने तर कायद्यानेंहि तिचें स्त्रीधन. तरी फीची तारीख आली कीं सोनाराकडे प्रथम जातात ते तेच.

शिक्षणासाठीं बँक कर्ज देते; म्हातारपणासाठीं देत नाहीं. राहत्या घरावर उलट गहाणाची जी योजना २००७ सालीं निघाली, तीहि घर ज्याच्या नांवावर मोकळें आहे त्यालाच. त्याच २००७ सालीं आई-बापांचें व ज्येष्ठ नागरिकांचें पालनपोषण मुलांनीं करावें म्हणून संसदेस कायदा करावा लागला, आणि पोटगी मागण्यासाठीं न्यायाधिकरणें नेमावीं लागलीं. ज्या देशांत मातृदेवो भव असें लहानपणापासून पढविलें जातें, त्या देशास हा कायदा कां लागावा ? मुलें दुष्ट झालीं हें त्याचें सोपें उत्तर आहे, आणि तें बहुतांशीं खोटें आहे. मुलावर एकाच वेळीं घराचा हप्ता, लेकराची फी आणि आई-बापांचें औषध पडतें, व तो कोणत्यातरी एकांत अपुरा पडतो. ज्या बापानें आपली पुंजी राखली, त्यानें मुलास म्हातारपणच्या ओझ्यांतून सोडविलें. ज्यानें ती फींत घातली, त्यानें तरुणपणचें ओझें उचलून चाळिशीच्या माथीं दिलें. आतां सांगा, मुलाच्या डोक्यावर ओझें कोणीं ठेवलें ?

"ऋण काढून सण करूं नये" ही म्हण येथें नेमकी फेंकली जाते. म्हण खरी आहे, पण ती लागू पडत नाहीं. शेतकरी दिवाळीसाठीं कर्ज काढूं लागला तर शहाणे त्यास अडवितात. पेरणीसाठीं तो पीककर्ज काढतो तेव्हां त्यास कोणी उधळ्या म्हणत नाहीं. शिक्षण ही पेरणी आहे. मात्र पेरणी म्हटली कीं जमीनहि पाहिली पाहिजे, आणि खडकावर पेरण्यासाठीं ना कर्ज काढावें, ना कणगी रिकामी करावी. ह्या मुद्द्याकडे आम्ही पुढें येणारच आहों.

प्रतिपक्षाचा मोठा दाखला म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. १८७९ सालीं वडील वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं स्वतःचें शिक्षण सोडलें, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतले आठ कोल्हापुरास गोपाळरावांकडे धाडले. कुटुंबाच्या त्यागावांचून गोखले झाले असते काय, असें विचारतात. हा दाखला आम्हांस शिरसावंद्य आहे. पण तो नीट वाचावा. गोविंदरावांनीं धाडले ते चालू मिळकतींतले आठ. कोणाच्या म्हातारपणचे नव्हेत. आणि ह्या त्यागाची किंमतहि कोणीं दिली ? थोरल्या भावाचें शिक्षण तेथेंच खुंटलें. त्या काळीं दुसरा मार्ग नव्हता म्हणून तो त्याग थोर. आज मार्ग असतांना एकाचें आयुष्य खुडून दुसऱ्याचें फुलविणें ह्यास थोरपणा म्हणतां येणार नाहीं.

उलट दाखला हवा असेल तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा घ्यावा. १९१३ सालीं ते अमेरिकेस गेले ते बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि शिक्षणानंतर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ सालीं लंडनचें शिक्षण अर्धें टाकून त्यांस परतावें लागलें. पुढें सिडनॅम कॉलेजांतील प्राध्यापकीच्या पगारांतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन, आणि नवल भथेना ह्या मित्राकडून पांच हजार रुपये कर्जाऊ काढून १९२० सालीं ते पुन्हां लंडनास गेले. पुंजी होती ती शिकणाराची स्वतःची, आणि कर्ज होतें तेंहि शिकणाराच्या स्वतःच्या नांवावर. त्या कर्जानें त्यांस कमीपणा आला असें म्हणण्याची कोणाची छाती आहे ? ज्याच्या घरीं मोडण्यास कांहीं नव्हतें, त्याच्यासाठीं कर्ज हीच शिडी होती. कर्जास कलंक म्हणणारे लोक नकळत असें म्हणत असतात कीं, ज्याच्या बापानें साठविलें त्याच्याच मुलानें शिकावें.

आतां जें सांगावयाचें तें पुष्कळांस झोंबेल. पुंजीनें शिकविण्याच्या रीतींत मुलींवर अन्याय होतो, आणि तो मुकाट्यानें होतो. पुंजी एक असते, मुलें दोन असतात. थोरला मुलगा असला तर त्याच्या अभियांत्रिकींत ती निम्मी संपते, आणि मग मुलीसाठीं "जवळच्या कॉलेजांत काय वाईट आहे ?" असा विचार सुचतो. थोरली मुलगी असली तर "अजून धाकट्याचें व्हावयाचें आहे" असा सुचतो. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा मिळाला. पण ज्या घरची मिळकत म्हणजे फंडाचें पासबुक, त्या घरची वाटणी बाप जिवंत असतांनाच फीच्या पावत्यांवर होऊन गेलेली असते. कर्जास भाऊ-बहीण कळत नाहींत. ज्याचा प्रवेश, त्याचें कर्ज. कांहीं बँका तर मुलींस व्याजांत अर्ध्या टक्क्याची सवलत देतात. ह्यावर उत्तर येतें कीं, कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीचें लग्न कसें जमणार ? आम्ही विचारतों, हप्ता फेडण्याइतकें मिळविणारी मुलगी ज्या घरास नको आहे, त्या घरीं ती द्यावयाची तरी कशाला ?

शेवटचा आक्षेप परदेशांतून येतो. अमेरिकेंत १९५८ च्या कायद्यानें सरकारी विद्यार्थिकर्जें सुरू झालीं, आणि आज तेथील तरुणांवर दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक कर्ज सांचलें आहे. त्यांतील कांहीं माफ करण्याचा सरकारचा बेत जून २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला. हा इशारा खरा आहे, आणि आम्ही तो मानतों. पण त्याच परदेशांत दुसरा धडाहि आहे. ऑस्ट्रेलियानें १९८९ पासून, आणि पुढें इंग्लंडनेंहि, परतफेड मिळकतीशीं बांधली. इंग्लंडांत ठराविक मर्यादेवरच्या कमाईच्या नऊ टक्के कापून घेतात. कमाई तिच्याखालीं असेल तर कांहींच घेत नाहींत, आणि ठराविक वर्षांनंतर उरलेलें देणें सोडून देतात. आमच्याकडील हप्ता मात्र नोकरी असो वा नसो, आंकड्याबरहुकूम उभा राहतो. दोष आहे तो येथें. ज्यांस कर्जाची भीति वाटते त्यांनीं फंड मोडून ती भीति झांकण्यापेक्षां, हप्ता मिळकतीशीं बांधा अशी मागणी सरकारकडे व बँकांकडे करावी. मध्यम वर्गानें आरडाओरड केली म्हणजे कायदे बदलतात, हा अनुभव आहे. पण जो वर्ग आपलें ओझें मुकाट्यानें आपल्याच म्हातारपणांत पुरून टाकतो, त्याचें दुखणें कोणास कळावें?

मग करावें काय ? आमचें मत थोडक्यांत असें. फीचें मुद्दल मुलानें कर्जाऊ घ्यावें, आणि शिक्षण चालू असेपर्यंतचें व्याज बापानें आपल्या पगारांतून भरावें. वरच्याच उदाहरणांत तें पहिल्या वर्षीं महिन्याला १,६७० रुपयांच्या आसपास येतें, दुसऱ्या वर्षीं ३,३३०, तिसऱ्या वर्षीं ५,०००, आणि पुढें ६,६७०. एवढें केलें कीं शिक्षण संपतांना देणें ८ लाखांवरच राहतें, व दहा वर्षांचा हप्ता १४,२७० च्या ऐवजीं १०,५७० पडतो. असें व्याज वेळच्या वेळीं भरणारास कांहीं बँका दरांत एक टक्का सूटहि देतात. गोविंदरावांच्या पंधरांतल्या आठांची हीच रीत आहे. कुटुंबाचा हातभार त्यांत आहे, मुलाची जबाबदारी त्यांत आहे, आणि म्हाताऱ्यांचा फंड जागच्या जागीं आहे. परंतु कर्जासहि मर्यादा हवी. जाहिरातींत झळकणाऱ्या सर्वांत मोठ्या पगाराकडे न पाहतां, वर्गांतल्या मधल्या मुलास काय मिळालें तें विचारावें. त्याच्या एक-चतुर्थांशाहून हप्ता मोठा होत असेल तर तें महाविद्यालय सोडावें. ज्या संस्थेस हा आंकडा सांगतां येत नाहीं, ती खडक आहे असें समजावें. परदेशचे बेत तर दुप्पट तपासावे, कारण तेथें फीबरोबर डॉलरहि चढतो. २०१४ सालीं तो साठांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशींच्या पुढें गेला. राहतें घर तारण ठेवूनच जें शिक्षण मिळतें, तें घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. कर्जाचा एक गुण असा कीं, तें देणारा हे प्रश्न विचारतो. बापाची माया विचारीत नाहीं, आणि म्हणूनच नको त्या संस्थांचीं दुकानें चालतात.

आपल्या शास्त्रांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें सांगितलें आहे. ऋषींचें ऋण अध्ययनानें फिटतें, देवांचें यज्ञानें, आणि पितरांचें प्रजेनें. म्हणजे पितृऋण मागच्या पिढीस परत करावयाचें नसून पुढच्या पिढीच्या हातीं द्यावयाचें आहे. आई-बापांची सेवा हा निराळा धर्म आहे, व तो ज्यानें-त्यानें प्रेमानें पाळावा. तो पाळण्यास त्यांचें दारिद्र्य ही अट असूं नये. येत्या प्रवेशांच्या हंगामांत ज्या घरांतून ही चर्चा होईल, तेथें फंडाच्या फॉर्मावर सही करण्यापूर्वीं मुलाला, मुलीला आणि मुख्यतः त्यांच्या आईला जवळ बसवून, वरील आंकडे एका कागदावर मांडावे. अठरा वर्षांच्या मुलास मत देण्याचा अधिकार आहे. स्वतःच्या शिक्षणाचा हिशेब समजण्याची अक्कलहि त्यास असते, आणि तो समजला म्हणजे त्याचें प्रेम कमी होत नाहीं.